ओलाव्याचा आकडा नो-कोड अ‍ॅपवर सोडावा का?

गिरणाकाठ: ज्या आकड्यावर शेतकऱ्याचे पैसे ठरतात, तो नो-कोड अ‍ॅपवर, म्हणजे कोड न लिहिता नुसतं जुळवून केलेल्या अ‍ॅपवर, सोडू नये, असं माझं ठाम मत झालंय. धरणगावकडच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, दिवाणजींनी स्वतःच मोबाइल अ‍ॅप जुळवलं, मागे नुसती स्प्रेडशीट. भरल्या गाडीचं वजन, रिकामीचं वजन, कापसाचा ओलावा. छान चाललं होतं. हंगामात गर्दी झाली, नेट गेलं, एकाच पावतीवर दोन मोबाइल. फेरतपासणीत ओलावा ९ टक्के निघाला, पण काट्यावरच्या मोबाइलमधला जुना १२ उशिरा वर चढला आणि ९ वर बसला. ८ च्या पुढे कटती, म्हणजे पैशांत कपात, लागते; शेतकऱ्याचे पैसे गेले. दिवाणजींचा दोष नाही. दोघांनी एकच ओळ बदलली तर काय करायचं, हे त्या साधनानं त्यांना विचारलंच नाही.

कपाशीवाला: भो, कोड लिहून तरी कुठं सुटतो माणूस? आमचं पॅकेज फॉक्सप्रो या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या डेटाबेस साधनात कोड लिहून केलेलं. लिहिणारा पुण्याला गेला. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टनं फॉक्सप्रोला हात देणं थांबवलं, तरी आम्ही तेच चालवलं, कारण आतलं कोणालाच कळेना. २०१७ ला जीएसटी आला तेव्हा पावतीत एक रकाना वाढवायला महिने गेले. दिवाणजी तो संध्याकाळपर्यंत वाढवतात. कटती कशी लागते हेही त्यांना कोणी शिकवावं लागत नाही.

गिरणाकाठ: रकान्याचं पटलं. पण गूगलनं अ‍ॅप मेकर हे अ‍ॅप जुळवायचं साधन जानेवारी २०२१ मध्ये बंद केलं, तेव्हा त्यातली अ‍ॅप जशीच्या तशी दुसरीकडे नेता येत नव्हती. दिवाणजींचं साधन असंच बंद पडलं, तर शीट हाती राहील. कटतीचे नियम पुन्हा बसवावे लागतील.

सातपुडा: संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर यांनी १९५२ मध्ये कंपायलर, म्हणजे माणसानं लिहिलेल्या सूचना यंत्राच्या मशीन कोडमध्ये उतरवणारा प्रोग्रॅम, केला, तेव्हाही लोकांचा विश्वास बसेना. आज मशीन कोड कोण वाचतं? पण कंपायलरनं काय केलं ते हवं तर उघडून बघता येतं. तुमच्या अ‍ॅपनं १२ का ठेवला, ते दिवाणजींना कुठं दिसलं?

कपाशीवाला: नाही दिसलं, हे खरं. आमच्या वहीत आकडा खोडत नाहीत, खाली नवा लिहून सही घेतात. अ‍ॅपमध्ये तसं करता येईल?

गिरणाकाठ: येतं. जुनी ओळ बदलायची परवानगी काढा, फक्त नवी घालू द्या. उद्या दिवाणजींकडे जातोय. आधी या हंगामाच्या साऱ्या पावत्या कच्च्या चिठ्ठ्यांशी ताडून बघू; आणखी कोणाचे पैसे राहिले असतील.