मलावीतल्या अनाथालयाला मदत: आधी काय करावं?

निपाणी: मलावीतल्या एका खेड्यातल्या अनाथालयाला आमचं मंडळ मदत करणार आहे. कपडे जमलेत. तिथला हातपंप नीट चालत नाही, मका जानेवारीतच संपतो. सुरुवात कुठून करावी?

खानापूर: कपडे नको दादा, ते पाठवायच्या भाड्याच्या पैशात तिथल्याच शिंप्याकडून नवे होतील. आधी पंप. तिकडे बहुधा अफ्रिदेव नावाचा हातपंप असतो, साधारण 45 मीटर खोलीपर्यंतचा. बराच वेळ दांडा मारल्यावर पाणी येत असेल तर तळाचा वॉल्व्ह गळतोय. दांडा चालतो पण धार बारीक, तर पिस्टनभोवतीचं रबरी कडं, म्हणजे यू-सील, झिजलाय. दांडा खडखडला की त्याच्या सांध्यातले बुश (बेअरिंग) गेले. सील आणि बुश वर्षाला बदलायचेच, पंप बंद पडायची वाट बघू नका. बहुतेक काम एका पान्यात होतं, त्यामुळे गावातल्या दोघी-तिघींना शिकवा आणि सुटे भाग तिथेच ठेवा. नवा पंप देऊन सुटे भाग न देणं म्हणजे पैसे बोअरमध्ये टाकणं.

चिकोडी: मक्याची काढणी एप्रिल-मेमध्ये, भाव तेव्हाच उतरतो. पैसे त्याआधी पोचवा. दाण्यात 13 टक्क्यांहून जास्त ओल राहिली तर बुरशी धरते. ओलसर शेंगदाण्यालाही धरते, आणि त्या बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, शिजवूनही जात नाही. 6 महिने ते 5 वर्षांच्या मुलांच्या दंडाचा घेर दर महिन्याला फितीने मोजा. तो 11.5 सेंमीपेक्षा कमी भरला तर लगेच दवाखाना.

बेळगाव: अनाथालयाचा ताळेबंद बघा. तुमचं मंडळ ट्रस्ट असेल तर हेही बघा: धर्मादाय ट्रस्टने भारताबाहेर खर्चलेल्या रकमेला केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या मंजुरीशिवाय सहसा आयकर सूट मिळत नाही. आणि ज्या मुलांना आजी किंवा मावशी आहे, त्यांना अनाथालयात न ठेवता त्यांच्या घरीच धान्य, वह्या द्या.