गवत कापायला डिस्क मोअर घ्यायचाय: ६ डिस्क की ५? (उत्तर टेक्सास, २२ एकर)

माणदेशी_टेक्सासकर

मंडळी, इथल्या शेतीच्या धाग्यांवर ऊस, द्राक्षं नि कांदाच जास्त, त्यामुळे माझा प्रश्न जरा आडवळणाचा वाटेल. पण अमेरिकेत शेती करणारे दोन-चार जण इथे आहेत हे माहीत आहे, म्हणून विचारतो.

डॅलसच्या पूर्वेला तासाभरावर आमची २६ एकर जमीन आहे. चार एकरांत घर, तळं आणि झाडी, उरलेल्या २२ एकरांत कोस्टल बर्म्युडा गवत. (बर्म्युडा म्हणजे आपली हरळीच. गावाकडे जन्मभर जी कुदळीने खणून काढली ती इथे पैसे मोजून लावतात, हे कळल्यावर आमचे वडील दोन मिनिटं काही बोललेच नाहीत.) माती काळी, चिकट, उन्हाळ्यात भेगांत पंजा जाईल अशी. माणमधल्या चुलत्यांच्या रानाची आठवण येते, फक्त पाऊस इथे बरा.

आतापर्यंत शेजारी अर्धेलीने गवत करायचा. कापणी, गोळा करणं, रोल बांधणं सगळं त्याचं. निम्मे रोल त्याला, निम्मे मला. माणूस चांगला आहे, पण आधी स्वतःचं, मग भावाचं, मग माझं. गेल्या जूनमध्ये तीन आठवडे उशिरा आला. तोवर गवत तुरे येऊन काडीला गेलं होतं आणि घोडेवाल्यांनी हात लावला नाही. शेवटी पडेल भावात गाईवाल्याला दिलं. म्हणून निदान कापणी तरी आपल्या हातात घ्यावी म्हणतो.

ट्रॅक्टर ५५ एचपीचा, पुढे लोडर (उचलायची बादली) लावलेला. बजेट साधारण १२ हजार डॉलर. समोर चार पर्याय आहेत (डिस्क मोअर म्हणजे एका आडव्या बारवर ओळीने फिरत्या चकत्या नि त्यांना ब्लेड, असं कापणी यंत्र):

– ७ फूट १० इंची, ६ डिस्क, नवा: ११,८००
– ६ फूट ८ इंची, ५ डिस्क, नवा: ९,६००
– ७ फूट १० इंचीच, पण १२ वर्षं वापरलेला: ५,५००
– साडेपाच फुटी ड्रम मोअर, नवा: ४,२००

डीलर अर्थातच पहिल्यावर बोट ठेवतोय. कंडिशनर लागेल का? कंपनी कोणती घ्यावी? जमिनीचा टॅक्स शेतीच्या दराने लागतो, त्यासाठी गवत निघत राहणं गरजेचं आहे. त्यामुळे हा अगदीच हौसेचा मामला नाही.

---

कृष्णाकाठ

दादा, २२ एकर हरळी! आमच्याकडे ब्रश कटरने दोन माणसं दिवसाला एक एकर करतात, त्या हिशेबाने तुम्हाला पुढची दिवाळी उजाडेल. लसूणघासाला आमच्या शेजारच्या गोठ्यावर ड्रम मोअर आहे, ४५ एचपीवर मस्त चालतो. बाकी जाणकार सांगतीलच, मी वाचायला बसलोय.

---

विस्कॉन्सिनचा_बाळू

मी इथे आठ वर्षं गवताची यंत्रं दुरुस्त करतोय. कंपनीचं नाव सगळ्यात शेवटी विचारा. आधी तुमच्या ट्रॅक्टरबद्दल तीन गोष्टी सांगा:

१. ५५ एचपी इंजिनचा आकडा आहे की पीटीओचा (यंत्र फिरवणारा ट्रॅक्टरचा मागचा शाफ्ट)? इंजिनचा असेल तर पीटीओवर ४५ च्या आसपास मिळतात. ७ फूट १० इंची मोअरच्या पुस्तकात कमीत कमी म्हणून साधारण तेवढाच आकडा असतो, आणि कमीत कमी म्हणजे सपाट रानात, विरळ गवतात. हरळीची गादी दाट असते, ती ताकद खाते.

२. मागे हायड्रॉलिकचं रिमोट (यंत्राला तेलाचा दाब द्यायची जोडणी) आहे का? वळताना बार उचलायला मोअरवर वेगळा सिलिंडर असतो, त्याला एक तरी लाइन लागते. लोडरची लाइन वेगळी, ती यात मोजायची नाही.

३. मागच्या टायरांत पाणी किंवा दुसरं काही भरलंय का? चाकांतलं अंतर किती?

तिसरा प्रश्न लोकांना फालतू वाटतो, पण अपघात तिथेच होतात. रोटाव्हेटर ट्रॅक्टरच्या बरोबर मागे असतो. डिस्क मोअर उजव्या बाजूला लटकतो. हजार-बाराशे पौंडांचं धूड एका कुशीला उचललं की डावं पुढचं चाक हलकं होतं, स्टिअरिंग हातात राहत नाही. उतारावर तर विचारूच नका. लिफ्ट किती पौंड उचलते हा आकडा इथे पुरत नाही, ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन बघा.

कंडिशनर सोडा. तो जाड देठाच्या पिकाला, म्हणजे लसूणघासाला वगैरे हवा. देठ चेपला की पानाबरोबर वाळतो. हरळीची काडी मुळात बारीक, त्यात तुमच्याकडचं ऊन. वर कंडिशनरवाल्या यंत्राला तुमचा ट्रॅक्टर पुरायचा नाही.

---

माणदेशी_टेक्सासकर

बाळूदादा, मनापासून आभार. पीटीओ ४५ च आहे. रिमोट एक जोडी आहे. टायरांत काहीही भरलेलं नाही. ट्रॅक्टर लोडर धरून पाच हजार पौंडांच्या आत. जमीन बऱ्यापैकी सपाट, फक्त तळ्याकडे उतार आहे.

ड्रम मोअर स्वस्त आहे म्हणून मन तिकडेही ओढतंय. त्याबद्दल सांगाल का?

---

विस्कॉन्सिनचा_बाळू

ड्रम मोअर गरिबाचा घोडा आहे, नावं ठेवू नयेत. दोन मोठे ड्रम वरून फिरवलेले, खाली गिअर भरलेला लांब बार नाही, त्यामुळे बिघडायला फारसं काही नाही. पण त्याची रुंदी कमी, आणि तो दोन ड्रमच्या मधून गवताची जाड पट्टी सोडतो. ती पसरवल्याशिवाय वाळत नाही, म्हणजे टेडर (गवत पसरवणारं यंत्र) आलाच. डिस्क मोअर गवत जवळजवळ उभं होतं तसंच आडवं पाडतो, ते रुंदीभर पसरलेलं राहतं.

वेगाचा हिशेब: डिस्कने ताशी ६ मैल आरामात जाता येतं. ७ फूट १० इंचीने वळणं धरून तासाला साडेचार एकर, ६ फूट ८ इंचीने जेमतेम चार. साडेपाच फुटी ड्रमने ५ मैलांच्या वेगाने अडीच.

आता बघा, दोन डिस्क मोअरमध्ये फरक तासाला अर्ध्या-पाऊण एकराचा. त्यासाठी २,२०० डॉलर जास्त आणि ट्रॅक्टर सतत धापा टाकत चालवायचा. २२ एकर एका दिवसात पाडून करणार काय आहात?

---

वेकोची_सुनंदा

मी नेमकं हेच लिहायला आले होते. माझी ४० एकर आहे वेकोजवळ, नवरा नोकरीत, गवताचं सगळं मीच बघते. भाऊ, तुम्ही प्रश्न मोअरचा विचारताय, पण रोल कोण बांधणार? शेजारीच ना? मग उभं गवत तीन आठवडे उशिरा कापलं गेलं तर ते नुसतं जून होतं. कापून पाडलेलं गवत आठवडाभर पडलं आणि त्यावर पाऊस झाला, तर ते काळं पडतं. मोअर घेऊन तुम्ही तुमचं नुकसान वाढवून घ्याल! आमच्याकडे पहिल्याच वर्षी हे झालंय. १५ एकर पाडलं, बेलरवाला (रोल बांधणारा) "उद्या येतो" म्हणाला, आणि आले ते ढग. ते गवत शेवटी पेटवायच्या लायकीचंही राहिलं नाही, ओलं होतं म्हणून.

आधी शेजाऱ्याशी बोला.

---

माणदेशी_टेक्सासकर

ताई, हे वाचून खरंच घाम फुटला. काल संध्याकाळी त्याच्या कुंपणाशी जाऊन बोललो. त्याचं म्हणणं असं: त्याचा बेलर वेगवान आहे, वेळ जातो तो कापणीत, कारण मोअर जुना सात फुटी पात्याचा, दातेरी, पुढे-मागे सरकणारा. मुंग्यांच्या वारुळांत सारखा अडकतो. "तू कापून, वाळवून, ओळी करून ठेवलंस तर मी त्याच दिवशी संध्याकाळी येईन, रोलमागे पैसे दे, वाटा नको." थोडक्यात मोअरबरोबर मला रेकही (गवत ओळीत ओढणारं यंत्र) घ्यावा लागणार.

बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली, आधी ट्रॅक्टर म्हणजे सगळं आलं असं म्हणाला होतात.

---

वेकोची_सुनंदा

सगळ्यांचे नवरे असंच म्हणतात. :)

मग आता चित्र सोपं आहे. एका वेळी ११ एकर पाडायचं, तेवढंच रोल होईल. ५ डिस्कवाल्याने ते तीन तासांत होतं. सकाळी दव उडाल्यावर सुरू करा, जेवायला घरी. जुलैत दुसऱ्या दिवशी दुपारनंतर बघायला लागायचं, कधी कधी तेव्हाच तयार असतं. पण अंदाजाने जाऊ नका, ओलावा मोजायचं मीटर घ्या. १८ टक्क्यांच्या वर ओलावा असताना मी रोल बांधू देत नाही. आत तापतं, बुरशी धरते, जास्तच ओलं असेल तर गंजी पेटते. हे तुमच्या वडिलांना सांगा, त्यांना पटेल.

वारुळांबद्दल: आपल्या भागात फायर अँट्स (चावऱ्या लाल मुंग्या) घर सोडत नाहीत, आणि डिस्क मोअरचा खरा फायदा तोच. दातेरी मोअरला वारूळ म्हणजे चिखल, तो तिथेच गुदमरतो. डिस्क फाडून निघून जाते. मात्र माती खाऊन ब्लेड लवकर बोथट होतात. कापणी तीन इंच उंचीवर ठेवा. हरळीचा फुटवा चांगला येतो आणि माती कमी लागते. टॉप लिंक (ट्रॅक्टर नि मोअर जोडणारा वरचा दांडा) आवळून बार फार पुढे झुकवू नका, नवशिके हेच करतात आणि मग ब्लेडला शिव्या देतात.

---

कृष्णाकाठ

वापरलेला ५,५०० चा एवढा स्वस्त मिळतोय, तो का सोडायचा? आपण लोक सेकंडहँडवर जगलेली माणसं.

---

विस्कॉन्सिनचा_बाळू

सोडू नका, पण जाऊन बघा. मी बघतो तेव्हा असं:

पीटीओ काढलेला असताना एकेक डिस्क हाताने धरून हलवायची. शेजारच्या दोन डिस्कमध्ये थोडी ढील चालते, पण एकच बाकीच्यांपेक्षा जास्त सैल असेल तर तिथला गिअर किंवा बेअरिंग गेलंय. बारखालच्या घसरपट्ट्या झिजून पातळ झाल्यात का? बारवर वेल्डिंगचा डाग दिसला की परत फिरायचं. थोडं तेल काढून बोटांवर चोळायचं, चमक दिसली तर ते लोखंड आहे. काही कंपन्यांच्या बारमध्ये प्रत्येक डिस्कचा सुटा भाग असतो, बिघडला तर तेवढाच बदलायचा. काहींचा बार एकच, तेलाने भरलेला, बंद. दोन्ही वर्षानुवर्षं चालतात. पण वापरलेल्या बंद बारमध्ये एक दात तुटला तर तुकडा सगळ्या गिअरमधून फिरून येतो. मग ५,५०० चे ९,००० कधी होतात कळत नाही.

तेलही पुस्तकात दिलंय तेवढंच. "जास्त घातलं तर बरं" हा आपला स्वयंपाकघरातला नियम इथे चालत नाही, बार तापतो.

आणि हो, तो वापरलेलाही ७ फूट १० इंचीच आहे. तुमच्या ट्रॅक्टरचं वजन तेवढंच राहतं.

कंपनी: कुह्न, न्यू हॉलंड, व्हर्मीर, क्रोन, जॉन डिअर, सगळ्यांच्या यंत्रांवर मी हात काळे केलेत. तुमच्या गावापासून ३० मैलांत ज्याचे ब्लेड, बोल्ट आणि बेल्ट शनिवारी सकाळी काउंटरवर मिळतात, ती घ्या. फोन करून विचारा, "पाच डिस्कचे ब्लेड आत्ता शेल्फवर आहेत का?" उत्तर द्यायला किती वेळ लागतो तेवढं ऐका.

---

माणदेशी_टेक्सासकर

आज तीन डीलरना तोच प्रश्न विचारला. पहिल्याने "मागवून देतो, चार-पाच दिवस" म्हटलं. दुसऱ्याने होल्डवर ठेवलं आणि फोन कट झाला. तिसऱ्याकडे म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी उलट मलाच विचारलं, "डावे की उजवे?" मला कळलंच नाही. मग म्हणाले की डिस्क उलटसुलट फिरतात, पीळ दिलेले ब्लेड त्या-त्या बाजूचेच बसवावे लागतात. दोन्ही आहेत, २५ चं पाकीट. तिथे जायचं ठरवलंय, ५ डिस्कवाला बघायला. उरलेल्या पैशांत चाकांचा रेक बसतोय.

टायरांत पाणी भरायचं बुधवारी ठरलंय. लोडर पुढे तसाच लावून ठेवला तर वजनाला चालेल ना, की पुढचे वेगळे वेट घ्यावेत?

---

विस्कॉन्सिनचा_बाळू

लोडर चालेल, बादली जमिनीलगत ठेवा. मागच्या चाकांतलं अंतर एक खाच वाढवा. तळ्याच्या उताराला पहिल्या दिवशी जाऊ नका. मोअरवरचा कापडी पडदा कुणीही कितीही सांगितलं तरी काढू नका. डिस्क मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या आसपास फिरतात, सुटलेला दगड दिसतसुद्धा नाही. पीटीओ बंद केल्यावरही त्या बराच वेळ फिरत राहतात, पूर्ण थांबल्याशिवाय खाली उतरायचं नाही. वडील बघायला येणार असतील तर त्यांना घराच्या ओट्यावर बसवा.

---

माणदेशी_टेक्सासकर

वडील मे महिन्यात येतायत. येताना विळा आणू का, असं विचारत होते.