सैन्यातील नर्सिंग असिस्टंटला नागपुरात तातडीच्या रुग्णसेवेत कसे येता येईल?

प्रश्न (माजी सैनिक, कोराडी रोड, नागपूर)

नमस्कार. आर्मी मेडिकल कोअरमध्ये १७ वर्षे नर्सिंग असिस्टंट म्हणून काम करून मी यंदा हवालदार पदावरून निवृत्त झालो आणि घरी परतलो. नोकरीचा बराच काळ सीमेवरच्या चौक्यांवर गेला. टॉर्च न लावता जखमीच्या मांडीवर टूर्निके (रक्त थांबवणारा पट्टा) आवळणे, आवळल्याची वेळ त्यावर लिहिणे, स्ट्रेचर खाली पोहोचेपर्यंत सलाईन चालू ठेवणे, हे सगळे हाताच्या सवयीचे आहे. पुढेही तातडीच्या रुग्णसेवेतच राहावे अशी मनापासून इच्छा आहे. येथील एका खासगी रुग्णालयात डिस्चार्ज बुक (सैन्यसेवेच्या नोंदींचे पुस्तक) दाखवले, तेव्हा त्यांनी वॉर्डबॉयची जागा देऊ केली. ते काम मी हलके मानत नाही, पण इतक्या वर्षांचे शिकलेले वाया जाईल, याचे फार वाईट वाटले. १०८ रुग्णवाहिका सेवेत काम मिळू शकेल का? आणखी काय शिकावे लागेल?

उत्तर १ (निवृत्त सुभेदार, कामठी)

हवालदार साहेब, १०८ बद्दल आधी स्पष्ट सांगतो. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांच्या आराखड्यावर सुरू झाली, तीच गाडीत डॉक्टर ठेवण्याच्या पद्धतीने. त्यांत आयुर्वेद आणि होमिओपॅथीचे पदवीधर बरेच असतात. इतर अनेक राज्यांत ती जागा इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियनची असते, त्यामुळे तिकडच्या जाहिराती वाचून इकडचा अंदाज बांधू नये.

माझ्या मते आधी ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) पॉलिक्लिनिकमध्ये अर्ज करावा. तेथील कंत्राटी नर्सिंग असिस्टंटच्या जागेसाठी जीएनएम या नर्सिंग पदविकेप्रमाणेच सैन्यदलाचा क्लास वन नर्सिंग असिस्टंट कोर्स ग्राह्य धरतात. डिस्चार्ज बुकात आपला क्लास (श्रेणी) नीट नोंदलेला आहे ना, हे आजच पाहा. बाहेर परिचारकाच्या पदासाठी मात्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी मागतात आणि तिथे नुसता अनुभव चालत नाही.

एक कळकळीची विनंती आहे. निवृत्तीचा पैसा हातात आला की दोन-तीन महिन्यांत पॅरामेडिक करून देण्याचे आश्वासन देणारे पुष्कळ भेटतात. अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स हा २०२१ चा कायदा इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्टला स्वतंत्र व्यावसायिक मानतो. पण अलाइड हेल्थ प्रोफेशनल म्हणवण्यासाठी दोन ते चार वर्षांत पसरलेले किमान २,००० तासांचे शिक्षण असलेली पदविका किंवा पदवी हवी, असे त्यात म्हटले आहे. त्यामुळे पैसा घालायचाच असेल तर अशा पदविकेत घालावा.

उत्तर २ (तातडी विभागातील डॉक्टर, धंतोली)

दादा, कागदांचे सुभेदार साहेबांनी सांगितले, मी रुग्णांबद्दल लिहिते. तुमचे आजवरचे जखमी बहुतेक तरुण आणि धडधाकट होते आणि त्यांना रक्तस्रावापासून वाचवायचे होते. आमच्याकडे वर्धा रोडवरचे अपघात येतात, तेव्हा तुमच्यासारखा माणूस दारात असावा असे मला नेहमी वाटते. परंतु त्याच पाळीत साठीचे काका छातीत जळजळते म्हणून चालत येतात, त्यांना मधुमेह असतो, रक्त कुठेच दिसत नाही आणि तरीही ते पुढच्या अर्ध्या तासात दगावू शकतात.

म्हणून आधी ईसीजी पक्का करा. उजव्या हाताला लाल, डाव्या हाताला पिवळी, डाव्या पायाला हिरवी आणि उजव्या पायाला काळी वायर हे पाठ होते. चूक होते ती छातीवर, कारण चौथ्या बरगडीखालची जागा बोटांनी मोजून न काढता नजरेनेच इलेक्ट्रोड चिकटवले जातात. छातीत दुखले की सॉर्बिट्रेटची गोळी जिभेखाली ठेवण्याची आपल्याकडे घरोघरी सवय आहे. रक्तदाब आधीच उतरलेला असेल, किंवा झटका हृदयाच्या उजव्या बाजूला असेल, तर तीच गोळी रुग्णाला कोसळवते. आधी ब्लडप्रेशर मोजण्याची शिस्त तुमच्या अंगी असेलच, ती घाईगर्दीतही सोडू नका.

दुसरे प्रसूतीचे. रुग्णवाहिकेतच बाळंतपण झाले तर बाळ कोरडे पुसून आईच्या छातीवर ठेवणे आणि आईचा रक्तस्राव थांबेपर्यंत पोटावरून गर्भाशय चोळत राहणे, हे लेबर रूममध्ये उभे राहूनच शिकता येते. उष्माघात तुम्हाला नवा नाही, पण नागपूरच्या मे महिन्यात तो रिक्षावाल्यांत आणि घरात एकट्या राहणाऱ्या वृद्धांत दिसतो. तिथे पॅरासिटामॉल उपयोगाचे नाही, अंग ओले करून वारा घालणे आणि बर्फ लावणे हाच उपचार आहे.

बीएलएस आणि एसीएलएस (बंद पडलेले हृदय सुरू करण्याचे प्राथमिक आणि प्रगत प्रशिक्षण) ही प्रमाणपत्रे काढून ठेवा. अमेरिकन हार्ट असोसिएशनची दोन वर्षे चालतात आणि मुलाखतीत पहिल्यांदा तीच विचारली जातात.

उत्तर ३ (सुरक्षा अधिकारी, बुटीबोरी)

औद्योगिक वसाहतींचाही विचार करावा. ५०० हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात ॲम्ब्युलन्स रूम (तातडीच्या उपचारांची खोली) ठेवावीच लागते; हा नियम पूर्वी कारखाने अधिनियम १९४८ मध्ये होता, २०२५ पासून तो नव्या कामगार संहितेत आहे. यंत्रात सापडलेला हात, विजेचा धक्का, भाजणे या प्रसंगी आम्हाला तुमच्यासारखा शांत डोक्याचा माणूस हवा असतो.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. डिस्चार्ज बुक आत्ताच पाहिले, त्यात क्लास वनची नोंद आहे. पॉलिक्लिनिकसाठी अर्ज करतो आणि पदविकेची चौकशी सुरू करतो. डॉक्टर मॅडम, प्रसूतीचे काम मी आजवर एकदाही पाहिलेले नाही. निवृत्त माणसाला लेबर रूममध्ये काही दिवस उभे राहण्याची परवानगी मिळण्यासाठी अर्ज कोणाच्या नावे करावा, एवढे कृपया कळवावे.