सिंक चालू आहे म्हणजे बॅकअप झाला असं नाही

हिशेबाचं फोल्डर गूगल ड्राइव्हशी सिंक केलं की बॅकअपची काळजी मिटली, असं म्हटलं जातं. डिस्क मेली तर उपयोग होईल, पण सिंक चुकाही तितक्याच इमानदारीने पोचवतं. इकडे फाइल उडवली की तिकडेही उडते आणि तिथल्या ट्रॅशमध्ये ३० दिवसच राहते. वार्षिक हिशेबाची फाइल गायब झालीय हे लक्षात यायलाच बहुतेकांना त्याहून जास्त वेळ लागतो! रॅन्समवेअरने, म्हणजे फाइली अडकवून पैसे मागणाऱ्या व्हायरसने, फाइली लॉक केल्या तर ड्राइव्हवरही त्याच जातात.

दुसरी गोची कमी दिसते. हिशेबाचं सॉफ्टवेअर चालू असताना डेटा फोल्डर कॉपी केलं तर अर्धवट लिहिलेली फाइल येऊ शकते. आकार ठीक दिसतो, पण ऐन वेळी उघडत नाही. म्हणून सॉफ्टवेअरमधलाच बॅकअपचा पर्याय वापरा, नाहीतर सगळ्यांना लॉगआउट करून मगच कॉपी करा. बाहेरून जोडायच्या २ हार्ड डिस्क आठवड्याला आलटूनपालटून वापरा. एक कायम दुसऱ्या जागी हवी आणि कॉपी झाली की दुसरीही काढून ठेवायची, कारण जोडलेली डिस्क रॅन्समवेअरच्या तावडीतून सुटत नाही. महिन्यातून एकदा दुसऱ्या संगणकावर बॅकअप रिस्टोअर करून शेवटचं बिल आणि बँकेची शिल्लक जुळते का पाहा. हे कोणीच करत नाही, आणि नेमकं तिथेच फसतं. ड्राइव्हचं खातं मात्र कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक ईमेलवर नको.