स्ट्रेप्टोमायसीनचा शोध नक्की कोणाचा, वाक्समनचा की शॅट्झचा?

आज्जीची_नात: नमस्कार मंडळी. आमच्या आज्जीला तरुणपणी टीबी झालेला, ती कायम सांगायची की नव्वद सुया टोचून घेतल्या म्हणून मी वाचले. परवा मुलीचा अभ्यास घेताना कळलं की ते इंजेक्शन म्हणजे स्ट्रेप्टोमायसीन, मातीतल्या जीवाणूपासून मिळालेलं, आणि त्यासाठी 1952 चं नोबेल एकट्या सेलमन वाक्समनला. मग अल्बर्ट शॅट्झ हे नाव का येतं सगळीकडे? आणि मातीच का?

निवृत्त_लॅबवाला: मातीचं आधी सांगतो. पहिल्या पावसात जो वास सुटतो ना, तो जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा, आणि ते मुख्यतः स्ट्रेप्टोमायसिस जातीचे जीवाणू बनवतात, त्याच जातीने आपल्याला कितीतरी अँटिबायोटिक्स दिलीत. आम्ही जीवाणू वाढवायच्या प्लेटवर मधोमध मातीतल्या जीवाणूची एक रेघ ओढायचो, तो चांगला वाढला की बाजूने रोगजंतूंच्या रेघा त्याच्यापर्यंत आणायच्या आणि प्लेट ठेवून द्यायची. दुसऱ्या दिवशी काही रेघा मधल्या रेघेला जाऊन भिडलेल्या असायच्या, काही बोटभर आधीच थांबलेल्या. ती मोकळी जागा दिसली की अंगावर काटा यायचा, आजही आठवतं.

कोथरूडकर: शॅट्झबद्दल. न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठात तो वाक्समनचा पीएचडीचा विद्यार्थी, वय 23, तळघरातल्या लॅबमध्ये राबायचा. 19 ऑक्टोबर 1943 ला त्याला स्ट्रेप्टोमायसीन सापडलं, ते बनवणाऱ्या जीवाणूचा एक वाण भरपूर शेणखत घातलेल्या शेतमातीतला आणि दुसरा कोंबडीच्या घशातला. 1944 च्या पेपरवर नावांचा क्रम शॅट्झ, त्याच लॅबमधली एलिझाबेथ बुगी, वाक्समन असा आहे. पुढे रॉयल्टीवरून शॅट्झ 1950 मध्ये कोर्टात गेला, तडजोड झाली, सहसंशोधक म्हणून मान्यता आणि 3 टक्के रॉयल्टी मिळाली. तरी दोनच वर्षांनी नोबेल एकट्या वाक्समनला, हे मला अजिबात पटत नाही.

निवृत्त_लॅबवाला: अन्याय झाला हे खरंच, पण वाक्समनलाही त्याचं श्रेय द्या की. मातीतले जीवाणू एकामागून एक तपासायचे ही पद्धत त्याने बसवली, 1940 मध्ये अॅक्टिनोमायसिन, 1942 मध्ये स्ट्रेप्टोथ्रायसिन त्याच लॅबमधून निघालं, दोन्ही फार विषारी म्हणून माणसाला चालली नाहीत. प्लेट शॅट्झची, वाट वाक्समनची, दोघांना मिळून द्यायला हवं होतं. आणि ताई, नुसत्या स्ट्रेप्टोमायसीनला टीबीचे जंतू काही महिन्यांत दाद देईनासे व्हायचे, म्हणून जोडीला पीएएस हे टीबीवरचं दुसरं औषध द्यायला लागले, आज्जींना सुयांबरोबर तेही होतं का?

पिंपरीचा_पोरगा: आपल्या मातीचंही नाव घ्या राव! पिंपरीच्या एचएमध्ये, म्हणजे हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये, थिरुमलाचार आणि त्यांच्या टीमने इथल्याच मातीतल्या जीवाणूपासून हॅमायसिन काढलं, बुरशीच्या संसर्गावरचं औषध. जीवाणूचं नावच स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना! माझे वडील एचएत होते, घरी यायचे तेव्हा शर्टाला आंबूस वास असायचा, तो मला अजून कुठेही ओळखता येईल.

आज्जीची_नात: केवढं दिलंत तुम्ही सगळ्यांनी! हो, सुयांबरोबर कसल्या तरी कडू पुड्या पण होत्या असं ती म्हणायची, आईला विचारून सांगते. आणि पेपरवर दुसरं नाव एलिझाबेथ बुगीचं, तर पेटंटवर तिचं नाव होतं का?

कोथरूडकर: नाही, पेटंटवर फक्त वाक्समन आणि शॅट्झ.