प्रतिसाद: नेटपेक्षा बंद करायची सोय आधी बघा

काका, राउटरवर पोर्ट उघडून सिमरोलच्या शेतावरचा हॅम रेडिओ सेट इंदूरहून चालवायचा तुमचा बेत मोबाइल सिमवर बहुतेक फसेल. सीजीनॅटमुळे, म्हणजे मोबाइल कंपनी अनेक ग्राहकांना एकच बाहेरचा पत्ता वाटते त्यामुळे, बाहेरून पोर्ट सापडतच नाही. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर वायरगार्ड (खासगी जोडणीचं सॉफ्टवेअर, व्हीपीएन) टाका, दुसरं टोक क्लबातल्या स्थिर आयपीवर, म्हणजे न बदलणाऱ्या नेट-पत्त्यावर. आयसी-७३०० या सेटला नेटवर्कचं सॉकेट नाही, पण एकाच यूएसबी केबलमधून सीआय-व्ही (सेटला आज्ञा द्यायची आयकॉमची पद्धत) आणि आवाज दोन्ही जातात. पुढचं डब्ल्यूएफव्ह्यू हे सेट चालवायचं सॉफ्टवेअर बघतं.

माझी काळजी वेगळीच. बोलता बोलता लिंक तुटली आणि सेट ट्रान्समिटवर अडकला तर? सीआय-व्हीचा टाइम-आऊट टायमर (ठरल्या वेळेनंतर ट्रान्समिट आपोआप थांबवणारा) ३ मिनिटांवर ठेवा. शिवाय १३.८ व्होल्टचा पुरवठा तोडणारा रिले हवाच, आणि त्याची वाट रास्पबेरी पायवरून नको. पायच लटकला तर कुणाला सांगणार? साधा जीएसएम स्विच पुरतो: मिस्ड कॉल दिला की खटका पडतो.

पावसाळ्यात विजेपासून वाचायला मात्र रिलेवर विसंबू नका. ढग दाटले की अँटेनाच्या कोॲक्स केबलचा प्लग हातानेच काढायचा, हे शेतावरच्या माणसाला शिकवून ठेवा. आणि पासवर्ड फक्त हॅम लायसन्सवाल्यांनाच. हौशी पाहुण्यांना ऐकू द्या, तेवढंच.