गोचीड की ढेकूण? नक्की ओळखायचं कसं?

प्रश्न: मांडीला चिकटलेला चारेक मिलिमीटरचा करडा, फुगीर किडा काढून बाटलीत ठेवलाय. गोचीड आहे हे कसं ठरवायचं? तपासणीसाठी कसा जपायचा?

प्रतिसाद १: भिंगाखाली आधी मिशा आहेत का बघा. ढेकणाला असतात, गोचिडीला नसतात. मग पाय मोजा: ढेकणाला सहा, मोठ्या गोचिडीला आठ. पण नुसत्या पायांवर जाऊ नका, अंड्यातून नुकत्याच निघालेल्या गोचिडीलाही सहाच असतात. रक्त पिऊन फुगलेल्या मादीचे पाय पुढच्या टोकाशी इवलेसे दिसतात, म्हणून बरेच जण तिला चामखीळ समजतात.

प्रतिसाद २: जात ओळखायला तोंडामागची कडक ढाल महत्त्वाची. नराची पाठ पूर्ण झाकलेली, मादीची फक्त पुढून. पोट कितीही फुगलं तरी ढाल तेवढीच राहते, त्यामुळे रंगापेक्षा तिच्यावरची नक्षी भरवशाची. गोचीड पालथी करून गुदद्वाराजवळची खाचही बघा: ती पुढून वळसा घालत असेल तर इक्सोडीस, म्हणजे लाइम हा जिवाणूंमुळे होणारा आजार पसरवणारा गोचिडींचा गट.

प्रतिसाद ३: ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. फॉर्मलिन नको, डीएनए तपासणी बिघडते. तारीख आणि ठिकाण पेन्सिलने लिहून चिठ्ठी बाटलीतच टाका, पेनची शाई विरघळते. पुढच्या वेळी टोकदार चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढा. तेल, काडेपेटी अजिबात नको. आणि अहवालाची वाट बघत बसू नका: काही आठवड्यांत ताप किंवा पुरळ आलं तर लगेच डॉक्टरांना गोचिडीचं सांगा.